वसीयतीचा एक्झिक्युटर झालो, आता मालमत्तेची यादी कशी करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मामा गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं निस्तरून देणारा म्हणून, माझं नाव निघालं. मी बँकेत ३७ वर्षं काढली म्हणून "तुला जमेल रे" असं ते म्हणायचे, जमलं, पण कसं जमलं ते माझं मला माहीत. तेव्हापासून रामबागेतून, लोधीपुऱ्यातून, सुदामानगरातून कोणाचे ना कोणाचे फोन येतात, बहुतेक रात्री साडेनऊनंतर, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच लिहून काढलं. आपल्या इंदूरकडे मृत्युपत्राला सर्रास वसीयत म्हणतात, मी दोन्ही शब्द वापरलेत. मी वकील नाही, तुमचा वकील जे सांगेल ते माझ्यापेक्षा वरचढ समजा, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असावं हे मी नक्की सांगू शकतो.

१. इन्व्हेंटरी इन्व्हेंटरी म्हणतात ती नक्की काय असते?

गेलेल्या माणसाचं काय काय होतं आणि त्याला कोणाकडून काय येणं होतं याची पूर्ण आणि खरी यादी, अंदाजे किमतीसकट, जी एक्झिक्युटर कोर्टात देतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, त्यातलं कलम ३१७. प्रोबेट, म्हणजे वसीयत खरी असल्याचा कोर्टाचा दाखला, मिळाल्यापासून सहा महिन्यांत ही यादी, आणि एक वर्षात हिशेब, म्हणजे काय हाती आलं आणि त्याचं काय केलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात. हिशेबाचं प्रश्न १७ मध्ये आहे.

यादीत वाटणी नसते हे आधी डोक्यात बसवा. कोणाला काय मिळणार ते वसीयत सांगते, यादी फक्त "हे आहे" एवढंच सांगते. अर्धी भांडणं यादी करतानाच वाटणी सुरू केल्यामुळे होतात.

२. पण इंदूरला प्रोबेट लागतं तरी का? आमच्या शेजाऱ्यांनी तर घेतलंच नाही.

शेजारी बरोबर आहेत. हिंदूंच्या वसीयतीला प्रोबेटची सक्ती होती ती जुन्या कलकत्ता, मद्रास आणि मुंबई हायकोर्टांच्या शहर हद्दीत केलेल्या वसीयतींना, किंवा तिथे घर-जमीन असेल तर. इंदुरात केलेल्या आणि इंदूरच्याच घराच्या वसीयतीला ती सक्ती कधीच नव्हती. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते सक्तीचं कलम २१३ च काढून टाकलं.

तरीही लोक प्रोबेट घेतात, कारण एखादा भाऊ वसीयत खोटी म्हणतो, किंवा घर विकताना समोरचा वकील "प्रोबेट आणा" म्हणून अडून बसतो, किंवा शेअर्सची रक्कम मोठी असते. आणि एकदा घेतलं की यादी द्यायचीच, मी स्वतःहून घेतलं होतं म्हणून सूट मिळत नाही. प्रोबेट फक्त वसीयतीत नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं. वसीयतीत कोणाचंच नाव नसेल तर वसीयत जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे कारभार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र, घ्यावी लागतात, यादीचं काम मात्र तेच.

३. प्रोबेटच्या अर्जाबरोबर एक यादी दिली होती की, मग परत कशाला?

अर्जाबरोबर दिली ती अंदाजाची, म्हणजे माझ्या हाती इतकी मालमत्ता येईल असं वाटतं. तिच्यावर कोर्ट फी ठरते. तिचा नमुना कोर्ट फी कायद्यातला आहे, १८७० चा, त्यात दोन भाग, पहिल्यात मालमत्ता आणि दुसऱ्यात वजा होणाऱ्या गोष्टी, म्हणजे कर्ज, अंत्यविधीचा खर्च, गहाण, आणि जे त्यांच्याकडे फक्त दुसऱ्यासाठी ठेवलेलं होतं ते. नमुना जुना असला तरी डोकं लावून केलेला आहे, घरातली आणि बँकेतली रोकड, भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं, दागिने, सरकारी रोखे, शेअर्स, विमा, उधारी, दुकानातला माल, घर, जमीन, भाडेपट्टा, सगळ्याला रकाना आहे. मी तोच नमुना सहा महिन्यांच्या यादीलाही वापरला, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

दोन याद्यांत फरक पडला तर घाबरू नका, फरक का पडला ते एका ओळीत लिहा. न लिहिता आकडा बदलला की मगच प्रश्न विचारतात.

४. सहा महिने कधीपासून मोजायचे? आणि उशीर झाला तर?

मृत्यूपासून नाही, प्रोबेट मिळाल्याच्या तारखेपासून. तेराव्याला बसून घाईघाईने यादी करायची गरज नाही, पण गोष्टी लिहून ठेवायला मात्र पहिल्याच आठवड्यात लागा, ते वेगळं (प्रश्न ५ बघा).

उशीर होणार असं दिसलं की कोर्टाकडे मुदतवाढ मागा, कायद्यातच तशी सोय आहे. कोर्टाने मागूनही मुद्दाम दिली नाही तर तो गुन्हा धरतात, आणि जाणूनबुजून खोटी यादी दिली तर खोट्या साक्षीचं कलम लागतं, पूर्वी भारतीय दंड संहितेचं १९३, आता न्याय संहितेचं २२९. शिवाय विनाकारण यादी दिली नाही किंवा ती महत्त्वाच्या बाबतीत खोटी निघाली तर प्रोबेटच रद्द होऊ शकतं, कलम २६३. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की अपूर्ण यादी वेळेवर द्या आणि "शोध चालू आहे" असं त्यात लिहा.

५. सुरुवात कुठून करू? घरात नुसता पसारा आहे.

कुलपापासून. घराची, कपाटाची, लॉकरची, गाडीची किल्ली कोणाकोणाकडे आहे ते आधी लिहा.

मग दोघं जण बसा, एकट्याने करू नका, आणि दुसरा माणूस शक्यतो ज्याला वसीयतीत काही मिळणार नाही असा घ्या. आम्ही मामांच्या घरी असंच केलं, मी आणि त्यांच्या जुन्या भाडेकऱ्याचा मुलगा. त्याने मोबाईलवर व्हिडिओ काढत खोली-खोली फिरायचं आणि मी रजिस्टरमध्ये लिहायचं, वस्तू, कुठे सापडली, किती, सोबत कागद आहे का, आता कोणाच्या ताब्यात. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा होता, वर रबर बँड, मला वाटलं बटणं-सुया असतील, आत पोस्टाच्या बचत पत्रांची गठडी, त्यातली तीन मुदत संपून वर्षं झालेली. त्या दिवसापासून मी कोणालाही डबे न उघडता फेकू देत नाही.

आणि माझी चूक सांगतो. दिवसाच्या गडबडीत मामीची चांदीची समई मी धाकट्या मावशीला दिली, मामीनेच तसं सांगून ठेवलं होतं असं सगळे म्हणाले, मीही मान डोलावली. वसीयतीत समई दुसऱ्याच भाचीला होती. नंतर ती परत मागायला जाताना माझे पाय कसे जड झाले होते ते मलाच ठाऊक, आणि मावशी अजून माझ्याशी तुटक बोलतात. आधी लिहा, मग हलवा. एक चमचासुद्धा.

६. त्यांनी कुठे कुठे पैसे ठेवलेत हेच माहीत नाही, शोधायचं कसं?

पासबुकं आणि टपाल हे पहिलं. कपाटातलं नाही फक्त, दाराशी येणारंसुद्धा, दोन-तीन महिने टपाल बघत राहा, डिव्हिडंडचं पत्र किंवा विम्याचा हप्ता आपोआप उगवतो.

दुसरं, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून त्यांचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचं माहितीपत्रक, काढा. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं, कोणत्या कंपनीने डिव्हिडंड दिला, हे त्यात येतं, म्हणजे विसरलेली खाती तिथून सापडतात. तिसरं, शेअर्स आणि म्युच्युअल फंडांसाठी पॅनवर निघणारं एकत्रित स्टेटमेंट. चौथं, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल, २०२३ पासून चालू आहे, नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून बऱ्याच बँकांत एकदम शोधता येतं. आणि सात वर्षं डिव्हिडंड न उचलल्यामुळे शेअर्स आयईपीएफकडे (बेवारस शेअर्स-डिव्हिडंड सांभाळणारा सरकारी निधी) गेले असतील तर तेही त्यांचेच, यादीत लिहायचे, मिळवायला वेळ लागतो तो वेगळा.

आणि डायरी. आपल्या पिढीच्या आधीची माणसं सगळं डायरीत लिहायची, दूधवाल्याच्या हिशेबाच्या मागच्या पानावर एफडीचा नंबर असतो.

७. दागिन्यांची किंमत कशी लावायची? घडणावळ धरायची का?

यावर सगळ्यात जास्त फोन येतात म्हणून जरा लांब लिहितो.

प्रत्येक दागिना वेगळा लिहा, "सोन्याचे दागिने, अंदाजे ३०० ग्रॅम" असं एका ओळीत गुंडाळू नका. पाटल्या, तोडे, बोरमाळ, ठुशी, नथ, प्रत्येकाचं नाव, नग, एकूण वजन आणि निव्वळ वजन. बोरमाळेचे मणी आतून लाखेने भरलेले असतात, ते तसेच तोलले तर लाखेला सोन्याचा भाव लागतो. खडे-मोती वेगळे. सरकारमान्य व्हॅल्युअर लेखी रिपोर्ट देतो, थोडी फी लागते पण चार भावंडांचं तोंड बंद होतं. घरच्या ओळखीच्या सराफाकडून चिठ्ठीवर लिहून आणलेली किंमत कोर्टात चालेल कदाचित, नातेवाइकांत चालत नाही. घडणावळीचं म्हणाल तर मोडीला जो भाव येतो तो धरतात, ती गेलेलीच असते.

व्हॅल्युअरला घरी बोलवा किंवा दिवसा सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात, जा, दोघं जाऊन. रात्री तिथे ओट्यांवर गराडू आणि भुट्ट्याचा कीस असतो आणि दागिन्यांची पिशवी घेऊन त्या गर्दीत फिरणारा माणूस मी पाहिलाय, नाव सांगत नाही.

आता तोळ्याचं. मामीच्या वहीत लिहिलेलं होतं, पाटल्या आणि गोठ मिळून ९ तोळे. काट्यावर १०४ ग्रॅमच्या वर भरले. आमच्यातलेच एक म्हणाले ९ तोळे म्हणजे ९० ग्रॅम, मग वरचं सोनं आलं कुठून, दुसऱ्याचं मिसळलं की काय? अहो, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ मासे आणि मासाला ८ गुंजा. १० ग्रॅमचा तोळा ही आपल्या बोलण्यातली सोय. ९ जुने तोळे म्हणजे जवळजवळ १०५ ग्रॅम, जे झिजलं ते झिजलं. दोन दिवस घर तापलं होतं या गणितावरून. तुमच्या घरी उलटंही होऊ शकतं, वहीतला तोळा नवा असेल तर वजन कमी येईल, म्हणून यादीत फक्त ग्रॅम लिहा.

८. लॉकर माझ्यासमोर उघडायला बँक तयार नाही, काय करू?

लॉकरला नॉमिनी किंवा दुसरा सहधारक असेल तर बँक आधी त्यांना विचारणार, कारण त्यांच्या नियमात तसं आहे. नसेल तर प्रोबेट घेऊन तुम्ही. उघडताना बँक स्वतः एक यादी करते, दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, त्या यादीची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, तीच तुमच्या इन्व्हेंटरीला जोडा. आत सीलबंद पाकीट असेल तर नॉमिनीला देताना बँक ते फोडत नाही, त्यामुळे बँकेच्या यादीत "सीलबंद पाकीट १" एवढंच येतं. ते नंतर घरी साक्षीदारांसमोर फोडा आणि आतलं वेगळं लिहा. दागिने सापडले तर प्रश्न ७.

९. जुन्या वाड्याची किंमत कुठून काढू? अर्ध्यात भाडेकरू आहेत.

नगर निगमची मालमत्ता कराची पावती, रजिस्ट्री आणि कलेक्टर गाइडलाइनचा (जमीन-घराच्या सरकारी किमतीचा) दर, हे तीन कागद काढा, गाइडलाइन दरवर्षी १ एप्रिलला बदलते म्हणून कोणत्या वर्षाची धरली ते लिहा. पण गाइडलाइन म्हणजे बाजारभाव नव्हे, मोक्याच्या रस्त्यावर ती कमी पडते आणि आतल्या बोळातल्या, १९५० च्या आसपासचे भाडेकरू भरलेल्या वाड्यावर ती फारच जास्त होते. अशा वाड्याला रजिस्टर्ड व्हॅल्युअर लावाच. कोणत्या खोलीत कोण, भाडं किती, कुठपर्यंत दिलंय, हे सगळं यादीत हवं, मृत्यूच्या दिवसापर्यंतचं थकलेलं भाडं येण्यात धरायचं.

शेतजमीन असेल तर ताजा खसरा आणि बी-१, म्हणजे जमिनीचे सरकारी उतारे, काढा आणि क्षेत्र हेक्टरमध्येच लिहा. बिघा लिहू नका, प्रत्येक गावचा बिघा वेगळा आणि प्रत्येक काकांचाही. आपल्या मध्य प्रदेशात भूमिस्वामीची जमीन वसीयतीने देता येते, १९५९ च्या भू-राजस्व संहितेत तसं आहे, तेव्हा ती यादीतून वगळायचं कारण नाही. नामांतरण पटवारी-तहसीलदाराकडे वेगळं होतं, यादीने ते होत नाही.

१०. किंमत थोडी कमी दाखवली तर? टॅक्स वाचेल ना?

कोणता टॅक्स वाचवताय? वारसा कर भारतात १९८५ मध्ये गेला, वसीयतीने मिळालेल्यावर घेणाऱ्याला इन्कम टॅक्स नाही. वाचते ती फक्त कोर्ट फी, आणि अर्जाची नोटीस कलेक्टरकडे जाते, त्यांना किंमत कमी वाटली तर ते हरकत घेतात, मग फरकही भरा आणि खेटेही घाला. कमी दाखवून नुकसान असं की पुढे तेच घर जास्त किमतीला विकलं की बाकीचे वारस म्हणणार, तेव्हा तर इतकंच लिहिलं होतंस!

दागिने-भांड्यांना कायदा "माझ्या समजुतीप्रमाणे" एवढंच मागतो, शेअर्सना मात्र अर्जाच्या दिवसाचा भाव आणि व्याज त्या दिवसापर्यंतचं वेगळं. मी मृत्यूच्या दिवसाचा आकडाही शेजारच्या रकान्यात लिहिला होता, कारण त्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांचं आणि नंतरचं इस्टेटचं, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेचं, इन्कम टॅक्स रिटर्न भरताना हा रकाना फार उपयोगी पडला. गाडीला विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, चालते.

११. एफडीला नॉमिनी वहिनी आहेत. मग ती यादीत लिहायचीच नाही ना?

लिहायची. समोर "नॉमिनी अमुक" असं लिहायचं. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते, पैसे कोणाचे ते नाही, हे सुप्रीम कोर्टाने शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी करता येतात, म्हणून एकच नाव धरून बसू नका, बँकेकडून सगळी नावं लेखी घ्या.

अपवाद विम्याचा. स्वतःच्या आयुष्याच्या पॉलिसीत नॉमिनी आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते पैसे सहसा त्यांचेच. ती पॉलिसी मी खाली वेगळ्या भागात लिहिली, "माहितीसाठी, इस्टेटमध्ये धरलेली नाही". लपवली असं तरी कोणी म्हणणार नाही. फॅमिली पेन्शनही इस्टेटमध्ये येत नाही, ती मिळणाऱ्याचा स्वतःचा हक्क.

१२. जॉइंट खातं, आईचे दागिने, घराण्याची सामायिक मालमत्ता, यांचं काय?

जॉइंट खात्यात पैसे कोणाचे आले ते बघा. वडिलांची पेन्शन जमा होत होती आणि आईचं नाव फक्त सोयीला होतं, तर खातं यादीत, टीप टाकून. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असल्याने आई पैसे काढू शकतात, पण त्याने मालकी ठरत नाही.

आईचे दागिने म्हणजे स्त्रीधन, ते वडिलांच्या यादीत नाहीत, एकाच कपाटात असले तरी. आई हयात असतील तर त्यांनाच विचारा, आणि तेही सगळ्यांसमोर.

सामायिक मालमत्तेत फक्त त्यांचा हिस्सा लिहा, पूर्ण वाडा नाही. हिंदू माणूस सामायिकातला स्वतःचा हिस्सा वसीयतीने देऊ शकतो, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ३०. हिस्सा किती हे ठरलं नसेल तर "हिस्सा विवादित" लिहून वकिलाला पुढे करा, इथे स्वतः शहाणपणा करू नका.

१३. वडिलांनी लोकांना हातउसने दिलेले पैसे, आणि वडिलांनी घेतलेली देणी, दोन्ही लिहायची का?

येणी नक्की लिहायची, कलम ३१७ मध्ये येणी स्पष्ट आहेत. मामांच्या डायरीत एक पान होतं, नाव, रकमा आणि पुढे "दिले", "अर्धे दिले", एकापुढे नुसता उभा दंड. त्या उभ्या दंडाचा अर्थ कोणालाच लागला नाही, मी रक्कम लिहिली आणि पुढे "वसुली संशयास्पद" लिहिलं. बुडीत येणी किमतीत धरायची नसतात पण यादीत दिसलेली बरी. उसने पैसे साधारण तीन वर्षांत मागायचे असतात, ती मुदत संपायच्या आत समोरच्याकडून लेखी कबुली घेतली तर मुदत परत सुरू होते, म्हणून हे पान सहा महिने तसंच ठेवू नका. निष्काळजीपणे येणं बुडवलं तर एक्झिक्युटरच्या खिशातून जाऊ शकतं.

देणी यादीच्या दुसऱ्या भागात. चुकवायचा क्रम ठरलेला आहे, आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा, औषधपाणी आणि मृत्यूपूर्वी एक महिन्याचं राहणं-खाणं, मग प्रोबेटचा खर्च, मग नोकर-मजुरांची शेवटच्या तीन महिन्यांतली मजुरी, मग बाकीचे देणेकरी सगळे सारख्या प्रमाणात. ही सगळी देणी संपल्यावरच वसीयतीतल्या देणग्या, म्हणजे ज्याला जे लिहून ठेवलंय ते. घरी येऊन मोठ्याने बोलणाऱ्या देणेकऱ्याला आधी देऊन टाकू नका, कामवाल्या बाईंचे तीन महिन्यांचे पैसे त्याच्या आधी येतात आणि त्या मोठ्याने बोलत नाहीत.

१४. ट्रंकेत जुन्या नोटा, बंदूक, देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती आणि मोडीतले कागद निघाले. भिया, आता काय?

नोटांपासून. नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांची किंमत शून्य, आणि दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्याने मना आहे, संग्राहक-अभ्यासकांना २५ पर्यंत. दंड १०,००० किंवा रकमेच्या पाचपट, जो जास्त असेल तो. सापडल्या त्याच दिवशी पंचनाम्यासारखं लिहून वकिलाला सांगा. २००० ची नोट वेगळी, ती मे २०२३ मध्ये मागे घेतली तरी कायदेशीर चलनच आहे, रिझर्व्ह बँकेच्या भोपाळ ऑफिसात किंवा पोस्टाने पाठवून खात्यात जमा करता येते, म्हणून पूर्ण किमतीने लिहा.

बंदूक यादीत लिहा, पण घरात ठेवू नका, लायसन्स त्या माणसाचं होतं. पोलीस स्टेशनात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करून पावती यादीला जोडा. शंभर वर्षांवरच्या मूर्तीला पुरावशेषांचा १९७२ चा कायदा लागतो, ती सराफ्यात नेऊन भाव काढू नका, आधी नोंदणी आहे का ते बघा.

मोडी कागद फेकू नका हो! होळकर काळातला सनदेचा तुकडा असेल किंवा नुसता किराण्याचा हिशेब, वाचल्याशिवाय कळत नाही. मामांच्या ट्रंकेतल्या अकरा कागदांपैकी दहा लग्नाच्या आहेराच्या याद्या होत्या आणि अकरावा वाड्याच्या मागच्या बोळाच्या वहिवाटीचा. किमतीच्या रकान्यात काही लिहिलं नाही, "कागद ११, फोटो जोडले" एवढंच.

१५. पुण्यात एक फ्लॅट आहे आणि दादरला एक खोली. इंदूरच्या कोर्टाचं प्रोबेट चालेल का?

जिल्हा न्यायालयाचं प्रोबेट त्या राज्यापुरतं. राज्याबाहेरची मालमत्ता १०,००० रुपयांच्या आत असेल तरच ते देशभर चालतं, आणि १०,००० मध्ये पुण्यात आज पार्किंगचा खांबही येत नाही. देशभर चालणारं हवं तर हायकोर्टाकडून घ्यावं लागतं. ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, अर्ध्यात आठवली तर परत पहिल्यापासून. देशभराच्या प्रोबेटमध्ये प्रत्येक राज्यातल्या मालमत्तेची किंमत वेगळी दाखवावी लागते, म्हणून रजिस्टरमध्ये पहिल्यापासून राज्याचा रकाना ठेवा. दादरच्या खोलीमुळे आधी प्रोबेट सक्तीचं व्हायचं, आता काय बदललं ते प्रश्न २ मध्ये आहे.

१६. यादी दिली आणि मग एक एफडी सापडली. किंवा उलट, कोणीतरी वस्तू घेऊन गेलंय.

सापडली तर पुरवणी यादी द्या, प्रतिज्ञापत्रासकट, कधी आणि कशी सापडली ते लिहून. कोर्ट फी कमी भरलेली निघाली तर फरक कळल्यापासून सहा महिन्यांत भरा, नंतर दंड लागतो.

कोणी घेऊन गेलं असेल तर वस्तू यादीतून काढू नका, "सध्या अमुक यांच्या ताब्यात" असं लिहा आणि एक साधं पत्र पाठवा, व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर. बहुतेक वेळा पत्र बघूनच वस्तू परत येते, फोनवर नुसतं "हो हो आणतो" चालतं. ज्याचं नाव वसीयतीत नाही आणि एक्झिक्युटरही नाही असा माणूस मालमत्तेत हात घालतो तेव्हा तो जबाबदारी ओढवून घेतो, हे त्या पत्रात नम्रपणे लिहायला हरकत नाही.

१७. वर्षाचा हिशेब कसा असतो? आणि देणग्या कधी द्यायच्या?

पासबुकासारखा. इस्टेटच्या नावाने वेगळं खातं उघडा, सगळं त्यातूनच करा, म्हणजे हिशेब म्हणजे त्या खात्याचं स्टेटमेंट आणि पावत्यांची फाइल. प्रत्येक आकडा यादीतल्या कोणत्या ओळीतून आला ते नंबर टाकून लिहा. मी स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला प्रोबेटचा खर्च केला आणि नंतर ते वेगळं काढताना तीन रविवार गेले.

मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत देणग्या द्यायचं बंधन एक्झिक्युटरवर नाही, कलम ३३७. आत्या दर आठवड्याला फोन करत असतील तर हे कलम त्यांना प्रेमाने वाचून दाखवा.

१८. मीच एक्झिक्युटर आणि मला त्यांची गाडी विकत घ्यायची आहे, बाजारभावाने. चालेल ना?

भाव बरोबर असला तरी नको. एक्झिक्युटरने स्वतः किंवा आडून इस्टेटची वस्तू विकत घेतली तर कोणताही हितसंबंधी ती विक्री रद्द करून मागू शकतो, कलम ३१०. गाडी वसीयतीतच तुम्हाला दिली असेल तर गोष्ट वेगळी, ती देणगी म्हणून घ्या. नाहीतर सगळ्यांची लेखी संमती घ्या, आणि मगही वकिलाला विचारा.

१९. हे सगळं वाचून एक्झिक्युटर व्हायचंच नाही असं वाटतंय. नाही म्हणता येतं?

येतं, कोर्टासमोर तोंडी किंवा सही करून लेखी. पण प्रोबेटआधी आणि कशालाही हात लावायच्या आधी म्हणा. दागिने तोलले, भाडं गोळा केलं, दोन देणी चुकवली आणि मग "मला नको" म्हणालात तर गोष्ट अवघड होते.

आणि घेणार असाल तर आज संध्याकाळी फक्त तीन गोष्टी करा, एक जाड रजिस्टर आणा, किल्ल्या कोणाकडे आहेत ते पहिल्या पानावर लिहा, आणि घरातली जुनी वर्तमानपत्रं रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकेक झटकून बघा. मामांच्या रद्दीत एका दिवाळी अंकात विम्याची पावती निघाली होती.